माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर: चालू करण्याआधी, देण्याआधी

इमारत रिडेव्हलपमेंटला जाते किंवा घरातलं मोठं माणूस जातं, आणि माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली उतरतो. पुढच्या अर्ध्या तासात काय होणार ते जवळजवळ ठरलेलं असतं. कुणीतरी तो ओल्या फडक्यानं पुसतं, कुणीतरी ‘बघू तरी चालतोय का’ म्हणून प्लग लावतं, आणि सोबतच्या फायली, वह्या, फ्लॉप्यांचा डबा रद्दीच्या ढिगात जातो. मग उरलेल्या खोक्याचा फोटो काढून विचारपूस सुरू होते: याचे किती येतील, किंवा हा कुणाला दान करता येईल का?

दोन्ही प्रश्नांकडे येतोच, पण आधी एक गोष्ट ठासून सांगायची आहे. जुन्या कॉम्प्युटरच्या बाबतीत आपण महत्त्वाचा क्रम उलटा लावतो. त्या मॉडेलचं खोकं बहुधा जगात आणखी कुठेतरी शिल्लक असतं. त्याच्यासोबतचे कागद, फ्लॉप्या आणि तो कुणी, कुठे, कशासाठी वापरला ही माहिती मात्र त्या एकाच घरात असते, आणि नेमकी तीच आपण सगळ्यात आधी फेकून देतो.

याचं एक उदाहरण बघा. केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली एडसॅक हा कॉम्प्युटर सुरू झाला. १९५८ मध्ये तो बंद करून मोडीत काढला. पुढे कित्येक दशकांनी, ब्लेचली पार्कमधल्या नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंगमध्ये त्याची प्रतिकृती बांधायला घेतली, तेव्हा बांधणाऱ्यांना जुन्या फोटोंवरून बरेच अंदाज बांधावे लागले. काम चांगलं पुढे गेल्यावर २०१४ मध्ये मूळ यंत्राच्या १९ सर्किट आकृत्या समोर आल्या. त्या प्रयोगशाळेत काम केलेल्या एका माणसानं त्या टाकून दिल्या जात असताना उचलल्या होत्या आणि पन्नासहून जास्त वर्षं घरी ठेवल्या होत्या. यंत्र भंगारात गेलं होतं, तरी कागदांमुळे ते कसं चालत होतं हे कळलं. कागद गेले आणि यंत्र उरलं, तर हे इतकं सहज होत नाही.

आपल्याकडे जपण्याजोगं काय असतं

एका महागड्या गोष्टीनं बरेच गैरसमज करून ठेवले आहेत. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मिलपिटासच्या एका ई-कचरा केंद्रात कुणीतरी आणून दिलेल्या सामानात अ‍ॅपल-१ निघाला आणि तो दोन लाख डॉलरना विकला गेला. बातमी जगभर फिरली. पण अ‍ॅपल-१ १९७६ साली हातानं जोडून जेमतेम दोनशेच्या आसपास बनवलेला होता. २००५ च्या सुमाराला कोपऱ्यावरच्या दुकानातून असेंबल करून घेतलेला पेंटियम फोर लाखो घरांत होता. तो आपल्या आठवणींसाठी ठेवावा, जरूर ठेवावा, पण संग्रहालयाला तो नको असतो आणि त्याला भावही नसतो.

मग कशाकडे नीट बघायचं? आयबीएमनं १९७८ मध्ये भारतातून गाशा गुंडाळला. त्यानंतर एचसीएल, डीसीएम, विप्रो, हैदराबादची ईसीआयएल अशा कंपन्यांची यंत्रं आपल्या ऑफिसांत आली. १९८४ च्या सुमाराला सरकारच्या ‘क्लास’ या प्रकल्पातून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर आले. त्याचाच भारतात बनवलेला भाऊ म्हणजे सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीचा युनिकॉर्न. त्याच दशकात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस हा ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटर विकला. तो टीव्हीला जोडायचा आणि कॅसेट प्लेयरवरून प्रोग्रॅम चढवायचा. ही यंत्रं परदेशातल्या संग्राहकांकडे फारशी सापडत नाहीत. ती सापडली तर इथेच, कुणाच्या तरी माळ्यावर किंवा शाळेच्या कुलूपबंद खोलीत सापडणार.

पण मला विचाराल तर यंत्राहूनही मोलाची गोष्ट वेगळी आहे. एखाद्या पतपेढीसाठी गावातल्याच प्रोग्रॅमरनं डीबेस या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेली खातेवही. साखर कारखान्याच्या ऊसबिलाचं फॉक्सप्रो या तसल्याच सॉफ्टवेअरमधलं पॅकेज. कॉम्प्युटर क्लासच्या सायक्लोस्टाइल केलेल्या नोट्स, पहिल्या खरेदीचं बिल, डीलरचं मराठी माहितीपत्रक. महाराष्ट्रात कॉम्प्युटर कसा रुजला ते या गोष्टींवरून कळतं, आणि यांची दुसरी प्रत नसते.

आधी प्लग लावू नका

तीस वर्षं बंद पडलेलं यंत्र ‘चालतंय का बघू’ म्हणून चालू करणं हा त्याच्यावरचा सगळ्यात मोठा धोका आहे. कारणं दोन, आणि दोन्ही डोळ्यांनी दिसतात.

पहिलं कारण पॉवर सप्लायमध्ये असतं. बीबीसी मायक्रोसारख्या यंत्रांत विजेच्या प्रवेशाशीच काही कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) बसवलेले असतात, पिवळसर पारदर्शक आवरणाचे. रिफा कंपनीचे म्हणून ते ओळखले जातात. आत कागदाचे थर असतात. वर्षं सरतात तसे आवरणाला केसासारखे तडे जातात, हवेतला दमटपणा कागदात मुरतो, आणि २३० व्होल्ट मिळाले की मिनिटा-दोन मिनिटांत फट्ट आवाज होऊन घरभर घाणेरडा धूर होतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळे काढलेल्या यंत्राबद्दल तर शंकाच नको. हे कपॅसिटर आधी बदलायचे, मगच वीज द्यायची. पहिल्यांदा वीज देताना जुने टीव्ही मेकॅनिक वापरतात तो सिरीज लॅम्प, म्हणजे यंत्राकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत जोडलेला बल्ब, वापरावा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र वाचतं. नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेलं यंत्र असेल तर मागचा ११५/२३० चा खटका बघा. तो नसेलच, तर ट्रान्सफॉर्मरशिवाय हात लावू नका.

दुसरं कारण मदरबोर्डवर असतं. २८६, ३८६, ४८६ या जुन्या प्रोसेसरांच्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर, बहुधा कीबोर्डच्या सॉकेटजवळ, निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली छोटी नळकांडी सोल्डर केलेली दिसते. ती ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. यंत्र बंद असताना तारीख आणि सेटिंग जपायचं तिचं काम. तिच्यातून झिरपणारा अल्कधर्मी द्राव तांब्याच्या रेषांवरून पसरतो. सुरुवातीला टोकाशी पांढरी पूड दिसते, मग रेषा काळवंडतात, चिपांच्या पायांवर हिरवट-निळे खडे धरतात. यंत्र वापरात नसलं तरी हे चालूच राहतं, अगदी कपाटात गुंडाळून ठेवलं तरी. म्हणून जुना पीसी हातात आला की पहिलं काम: उघडा, बॅटरीची कुठली बाजू कुठे आहे त्याचा फोटो काढा, आणि ती कापून काढा. खडे धरले असतील तर साधं पांढरं व्हिनेगर जुन्या टूथब्रशनं लावायचं, मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळू द्यायचं. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, कॅडमियम विषारी आहे.

हार्ड डिस्कच्या लेबलवरचे सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे आकडे लिहून घ्यायला विसरू नका. बॅटरी मेली की यंत्राला आपली डिस्क कोणती हेच आठवत नाही, आणि तेव्हा हेच आकडे हातानं भरावे लागतात.

मॉनिटर मात्र उघडूच नका. पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार बंद केल्यानंतरही राहू शकतो. हे काम त्यातल्या जाणकाराचं आहे.

स्वच्छतेबद्दल माझं मत थोडं कडक आहे. कोरड्या ब्रशनं धूळ काढा, तेवढं पुरे. पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात पांढरं करायची पद्धत संग्राहकांत फार लोकप्रिय आहे. फोटोत ते छान दिसतं, पण पिवळेपणा बऱ्याचदा परत येतो, कधी डाग पडतात, आणि एकदा केलेलं उलटवता येत नाही. देण्यासाठी ठेवलेल्या वस्तूवर ते करू नये. कॅबिनेटवर पांढऱ्या ऑइल पेंटनं लिहिलेला डेडस्टॉक नंबर (संस्थेच्या सामानाच्या नोंदवहीतला क्रमांक), शाळेचं नाव, मेकॅनिकनं चिकटवलेली सर्व्हिसिंगच्या तारखेची चिठ्ठी, हे सगळं जसंच्या तसं राहू द्या. रंगवलेल्या त्या चार आकड्यांवरून यंत्र कोणत्या संस्थेचं, कोणत्या वर्षीच्या खरेदीतलं, हे पुढे शोधता येतं.

फ्लॉप्या, डोंगल आणि मराठी फाइली

या भागासाठी मी मुद्दाम जास्त जागा ठेवली आहे, कारण इथे मराठीचं स्वतःचं काहीतरी पणाला लागलेलं आहे.

नव्वदच्या दशकात मराठी छपाई खिळ्यांकडून डीटीपीकडे, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावण्याकडे, वळली. गावोगावच्या डीटीपी सेंटरांत दिवाळी अंक, स्मरणिका, शाळांची नियतकालिकं, कवितासंग्रह पेजमेकर या सॉफ्टवेअरमध्ये लागले. तेव्हा युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच आकडा देणारी पद्धत, मराठीत वापरात नव्हता. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी, सीडॅक या सरकारी संस्थेचं आयएसएम, आकृती ही मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर, प्रत्येकाची अक्षरांची मांडणी निराळी. ‘क’ साठी एकीकडे एक आकडा, दुसरीकडे दुसराच. त्यामुळे त्या काळची फाइल आजच्या कॉम्प्युटरवर उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. मजकूर खराब झालेला नसतो. तो कोणत्या फॉन्टमध्ये लावला होता हे कळलं आणि तो फॉन्ट मिळाला, तर अक्षर न् अक्षर परत येतं. पण तो फॉन्ट कुठे असतो? त्याच डीटीपी सेंटरच्या त्याच जुन्या हार्ड डिस्कवर. आणि सॉफ्टवेअरला कित्येकदा डोंगल लागायचं, प्रिंटरच्या पोर्टला मागे लावायचा काड्यापेटीएवढा ठोकळा. तो नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. आवराआवरीत हा ठोकळा ‘कसलातरी कनेक्टर’ म्हणून पहिला जातो.

त्याही आधी, विंडोजपूर्वीच्या डॉसच्या काळात, जिस्ट कार्ड होतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं ते काम पुढे पुण्याच्या सीडॅकनं वाढवलं. कॉम्प्युटरच्या आत हे कार्ड बसवलं की पडद्यावर देवनागरी दिसायची. जुना पीसी उघडला आणि आत असं लांबलचक कार्ड दिसलं, तर ते सुटं काढून विकू नका. ते ज्या यंत्रात, ज्या कीबोर्डसह, ज्या फ्लॉप्यांसह वापरलं गेलं, त्या जोडगोळीतच त्याचा अर्थ आहे.

फ्लॉपी वाचण्याआधी ती उजेडात धरून बघा. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या खिडकीतून तबकडीवर पांढरे-करडे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की फ्लॉपीवरचा थर खरवडला जातो, शिवाय ड्राइव्हचं हेड खराब होऊन पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही जातात. ती बाजूला ठेवा, साफ करून वाचणारे लोक आहेत. ज्या स्वच्छ आहेत त्यांना आधी राइट-प्रोटेक्ट करा: साडेतीन इंचीला कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवायची, सव्वापाच इंचीच्या कडेची खाच चिकटपट्टीनं बुजवायची. मग फाइली एकेक कॉपी न करता अख्ख्या फ्लॉपीची प्रतिमा घ्यायची. ग्रीझवीझल नावाचं छोटं बोर्ड त्यासाठी मिळतं. ते फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं, त्यामुळे आजच्या कॉम्प्युटरला न कळणारे फॉरमॅटही पुढे उलगडता येतात. फ्लॉपीवरच्या लेबलचा फोटो त्याच नावानं शेजारी ठेवावा. ‘वार्षिक अंक फायनल – जोशी सरांनी तपासलेलं’ असं हस्ताक्षरात लिहिलेलं असेल तर ते मजकुराइतकंच कामाचं आहे.

चिपांच्या पाठीवर चिकटवलेले कागदी स्टिकरही काढू नका. त्यांच्याखाली बऱ्याचदा काचेची छोटी खिडकी असते. त्या खिडकीतून अतिनील प्रकाश पडत राहिला तर चिपमधला प्रोग्रॅम हळूहळू पुसला जातो.

खासगी माहितीचं काय? हा प्रश्न रास्त आहे. जुन्या डिस्कवर बँकेचे हिशेब, पेशंटची नोंद, कुणाची पत्रं असू शकतात. नेहमीचा सल्ला असतो डिस्कला भोक पाडा. २०१० च्या लॅपटॉपला तो ठीक आहे. १९८९ च्या यंत्राला तो देऊ नका. आधी डिस्कची प्रतिमा घ्या, त्यातलं काय कुटुंबाबाहेर जायला नको ते ठरवा, आणि घेणाऱ्या संस्थेशी लेखी बोला. ठरावीक भाग काही वर्षं बंद ठेवायची अट अभिलेखागारांना नवी नाही. दुसऱ्यांची माहिती असेल, म्हणजे पेशंट किंवा खातेदार, तर ती पुसणं हेच योग्य. तिथे इतिहासाचं कारण पुढे करू नये.

वस्तू आपली आहे ना?

शाळा, महाविद्यालयं, सरकारी ऑफिसं यांतली यंत्रं डेडस्टॉक रजिस्टरला लागलेली असतात. रीतसर निर्लेखन होऊन (म्हणजे त्या रजिस्टरमधून कमी होऊन) लिलाव झाल्याशिवाय ती कुणीही कुणालाही देऊ शकत नाही. ओळखीच्या शिपायानं ‘घेऊन जा साहेब, पडूनच आहे’ म्हटलं तरी नाही. यात त्या शिपायाची नोकरी जाऊ शकते, आणि पुढे कोणतंही जबाबदार संग्रहालय मालकीचा कागद नसलेली वस्तू घेत नाही. मुख्याध्यापकांना भेटा, संस्थेला पत्र द्या, यंत्र कुठे आणि कशासाठी जपलं जाणार ते लिहा. वेळ लागतो. पण या खटपटीत अनेकदा जुनं खरेदीचं बिल, लॅबचे फोटो, तेव्हाचे कॉम्प्युटर शिकवणारे सर, असं बरंच काही हाती लागतं.

देताना

न विचारता पेटी पाठवणं हे दान होत नाही, ते दुसऱ्याच्या दारात ओझं ठेवणं होतं. अमेरिकेत राहणाऱ्या अनेक मराठी अभियंत्यांच्या गॅरेजमध्ये ऐंशीच्या दशकातली यंत्रं आहेत. त्यांना जवळ असलेलं माऊंटन व्ह्यूचं कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमसुद्धा आधी माहितीचा फॉर्म भरून घेतं, तपासतं आणि मगच हो किंवा नाही कळवतं. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, त्यांच्याकडे ते मॉडेल असेल. अशा वेळी फॉर्ममध्ये यंत्राच्या वर्णनाबरोबर त्याची गोष्ट लिहा: कोणत्या प्रकल्पावर, कोणत्या साली, काय केलं. मॉडेल आधीच असतानाही गोष्टीमुळे वस्तू घेतली जाऊ शकते.

संस्था निवडताना तिच्या इमारतीपेक्षा तिची मालकी बघा. सिएटलमध्ये मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अ‍ॅलन यांनी लिव्हिंग कॉम्प्युटर्स हे अप्रतिम संग्रहालय उभं केलं. २०१२ पासून लोकांना तिथे जुनी यंत्रं चालू अवस्थेत हाताळता येत. २०१८ मध्ये अ‍ॅलन गेले, २०२० मध्ये महामारीत दारं बंद झाली, आणि २०२४ मध्ये ती कायमची बंद झाल्याचं जाहीर होऊन संग्रहातल्या वस्तू क्रिस्टीजच्या लिलावात गेल्या. रक्कम धर्मादाय कामाला जाणार होती, कायद्यानं त्यात काही चूक नव्हती. पण लोकांसाठी उघडी असलेली यंत्रं खासगी हातांत गेली, याचं या क्षेत्रातल्या माणसांना आजही वाईट वाटतं. म्हणून देण्याआधी विचारा: संग्रह ट्रस्टच्या नावावर आहे की व्यक्तीच्या? उद्या तुम्हाला ही वस्तू नको झाली तर आधी दुसऱ्या सार्वजनिक संस्थेला द्याल का? दानपत्रात हे लिहून द्याल का? चांगली संस्था या प्रश्नांनी दुखावत नाही. दानपत्रावर सही केली की मालकी गेली, वस्तू प्रदर्शनात दिसेलच असं नाही, हेही आपण समजून घ्यायला हवं.

भारतात मार्ग थोडा वेगळा काढावा लागतो. यंत्र एखाद्या संस्थेच्या इतिहासाशी जोडलेलं असेल तर पहिला फोन त्याच संस्थेला करा. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये टिफ्रॅक हा भारतीय कॉम्प्युटर घडला, त्या संस्थेकडे स्वतःचं अभिलेखागार आहे. कागद, फोटो, नोट्स यंत्रापासून वेगळ्या ठिकाणी देणंही चालतं. विद्यापीठाचं ग्रंथालय मॅन्युअल आनंदानं घेईल, पण वीस किलोचा मॉनिटर घेणार नाही. फक्त दोन्हीकडे एकमेकांचा पत्ता लिहून ठेवा.

आणि एक विनंती. बंद पडलेले, सुटे भाग न मिळणारे कॉम्प्युटर खेड्यातल्या शाळेला ‘दान’ करू नका. त्या शाळेला चालणारं, दुरुस्त होऊ शकणारं, मुलांना आज उपयोगी पडणारं यंत्र हवं असतं. आपली अडगळ तिच्या खोलीत गेली की ती डेडस्टॉकला लागते आणि मग निर्लेखनाची कटकट त्या शिक्षकांच्या मागे लागते.

जमवणाऱ्यांसाठी

संग्राहकानं जितकं चालू ठेवता येईल तितकंच घ्यावं. बॅटरी न काढलेली चाळीस यंत्रं एका खोलीत रचली की तो संग्रह रोज थोडा थोडा नष्ट होत असतो. दमट हवेत यंत्र प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आत पाणी धरतं. सुती चादर आणि सिलिका जेल पुरतं. विकत घेताना विकणाऱ्याला वस्तूची खरी किंमत माहीत नसेल तर ती सांगून घ्या. विशेषतः नवरा किंवा वडील नुकतेच गेलेल्या घरात. एका यंत्राचे भाग काढून दुसरं चालू केलंत तर काय कुठून काढलं ते लिहा. आणि आपल्यामागे काय ठेवायचं, कुणाला विचारायचं, काय निःसंकोच मोडीत द्यायचं, याची यादी आत्ताच घरच्यांना द्या.

जे खरंच मोडीत द्यायचं आहे ते फेरीवाल्याला वजनावर देऊ नका. जुन्या सिरॅमिक चिपांवर सोन्याचा मुलामा असतो. तो काढायला बेकायदा ठिकाणी आम्लाच्या टबात हात घालून माणसं काम करतात, तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळतात. तो धूर त्यांच्याच वस्तीत राहतो. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्रांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. तिथे देताना पावती मागा. मॉनिटर अख्खा द्या, तांब्याची कॉइल काढून घेऊन ट्यूब फोडलेला नको. त्या काचेत शिसं असतं.